पाऊणकीचा हिवाळा

हल्ली पेपर उघडला की पहिल्या पानावर बेट असतं. खजुराच्या झाडाच्या आकाराचं, अजून अर्धंच उगवलेलं. मोठाल्या बोटी समुद्राच्या तळाची वाळू शोषून घेतात आणि कमानीसारखा फवारा करून दुसरीकडे ओकतात. जिथे ओकतात तिथे काही दिवसांनी दुबई तयार होते. अविनाश, म्हणजे माझा नवरा, हे फोटो कात्रीने कापून ठेवतो. परवा म्हणाला, "शुक्रवारी जाऊन बघू या का? लांबून दिसतं म्हणे." मी म्हटलं, तू ये जाऊन, मला इस्त्री करायची आहे.

आमची इस्त्री खालचा लाँड्रीवाला करतो. हे अविनाशलाही माहीत आहे. बेटांचा विषय निघाला की आमच्या घरात इस्त्रीचे कपडे असे अचानक वाढतात.

त्यात हे दिवस डिसेंबरचे. इकडे हिवाळा येतो तो आवाज बंद करत येतो. आठ-नऊ महिने भिंतीत घुमणारा एसी एका संध्याकाळी आपण बंद करतो, आणि मग दोन दिवस कान कुणाला तरी शोधत राहतात. खिडक्या उघडतात. शेजारच्यांचं भांडण, समोरच्या मशिदीतली बांग, खाली कुणीतरी गाडी धुतंय त्या पाण्याचा आवाज, सगळं एकदम घरात येतं. पूर्वी मला हे फार आवडायचं. आता खिडकी उघडली आणि वारा खाडीकडचा असला की त्यात एक वास येतो, ओल्या चिखलाचा, शेवाळाचा, नुकत्याच उघड्या पडलेल्या तळाचा. अल मन्खूलमध्ये तिसऱ्या मजल्यावर हा वास येणं शक्य नाही असं अविनाश म्हणतो. मी वाद घालत नाही. मी खिडकी लावून घेते.

सत्त्याण्णव सालच्या थंडीत आम्ही बेटं बघत हिंडलो. खरं तर आम्हाला दुसरीच बेटं बघायची होती. अविनाशचा तेव्हाचा साहेब लेबनानी होता. त्याच्या टेबलावर काचेखाली त्याच्या गावच्या किनाऱ्याचा फोटो होता. भूमध्य समुद्र, आणि त्यात किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर चार-पाच बारकी बेटं. उन्हाळ्यात तो लहानपणी तिथे होडीने जायचा, कलिंगड पाण्यात गार करत ठेवायचा, वगैरे. अविनाश घरी येऊन ते सगळं असं सांगायचा की कलिंगड त्यानेच कापलं होतं. आम्ही तिथे जायचं ठरवलंही. पण तिकिटं, व्हिसा आणि माझ्या नणंदेचं लग्न या तिन्हींनी मिळून ते बेत बुडवले. साहेब म्हणाला होता, "हबीबी, बेट हे बेट असतं. फक्त जाताना समुद्र बघू नकोस, परत येताना तो कसा असेल ते बघ." अविनाशने यातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवलं.

त्याच थंडीत अण्णा आणि माई, माझे सासूसासरे, व्हिजिट व्हिसावर आले. अण्णा दाभोळच्या खाडीकाठच्या गावात हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. घर खाडीच्या अलीकडे, आणि नारळी-पोफळीची वाडी खाडीच्या पलीकडे. रोज सकाळी स्वतःची होडी वल्हवत पलीकडे जायचे, शिंपणं करायचे आणि पाणी बघून परत यायचे. असं चाळीस वर्षं. अशा माणसाला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून बसवलं तर तो काय करणार? पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचे सगळे नळ दुरुस्त केले. दुसऱ्या आठवड्यात चांगले चालणारे नळही दुरुस्त केले. तेव्हा अविनाश म्हणाला, यांना पाणी दाखवू या.

शारजा, अजमान मागे टाकून उम्म अल क्वैनला गेलं की समुद्र जमिनीत शिरतो. मोठी, उथळ, पसरट खाडी, आणि तिच्यात विखुरलेली बेटं. बेटं म्हणजे फार काही मनात आणू नका. वाळूचे उंचवटे, खारट झुडपं, कडेने तिवरं. ओहोटीला मधलं पाणी इतकं उतरतं की गुडघाभर पाण्यातून चालत एका बेटावरून दुसऱ्यावर जाता यावं. तिवरं बघून अण्णा गाडीतून उतरले ते थेट चिखलात. एक पान तोडून चावलं आणि म्हणाले, "खारट. आपलंच आहे." दुबईत आल्यापासून त्यांनी पहिल्यांदा कशाला तरी आपलं म्हटलं होतं.

"पाणी कधी चढतं इथे, चौकशी केलीस का?" त्यांनी अविनाशला विचारलं.

"पेपरात येतं अण्णा ते. पेपर ऑफिसात राहिला."

"समुद्रावर जायला पेपर कशाला लागतो रे? आज दशमी ना?" मग डोळे बारीक करून पुटपुटले, "दहा पाऊणे साडेसात."

आमची सई तेव्हा नऊ वर्षांची. तिला हा मंत्र वाटला. अण्णांनी तिला वाळूत बसवून समजावलं. कोकणात लहान पोरालाही येतं ते. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. दशमीला साडेसात, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. त्यासाठी पूर्वी मुलांना पाऊणकी पाठ करायला लावत, पाव, निम, पाऊण, सगळे पाढे.

"बट आजोबा, व्हॉट इज दशमी?" सईने विचारलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. शिक्षकाने पालकाकडे बघावं तसं. मी थर्मास उघडायला घेतला.

तो दिवस त्यांनी काठी रोवून काढला. पाणी काठीवर कुठे आहे ते बघायचं आणि घड्याळ बघायचं. संध्याकाळी निकाल दिला, "हिशेब बरोबर. फक्त या खाडीचं तोंड चिंचोळं. पाणी रांगेत उभं राहून आत येतं. एक तास मिळवायचा, बाकी समुद्र सगळा एकच."

मग एक शुक्रवार आड आम्ही जायला लागलो. मधल्या शुक्रवारी दुपारी खाडी भरलेली असायची, उधाणाची, तेव्हा बेटं नुसती लांबून बघायची. आम्ही त्यांना नावंही ठेवली होती. एक भाकरी, कारण ते तसंच चपटं आणि कडेने करपलेलं. एक टकलू. एकाला सई 'द बॅड वन' म्हणायची. त्याच्यावर पाणकावळे बसायचे. शेकड्यांनी, काळे, पंख अर्धे उघडून, एकाच दिशेला तोंड करून. ते ओरडत नसत. मला पक्ष्यांचं एवढंच माहीत की ते ओरडतात, म्हणून मला ते बघवत नसत. वाऱ्याची दिशा फिरली की तिकडून सडक्या माशांचा आणि पिसांचा वास यायचा. एकदा त्या बाजूला एक मेलेला पाणकावळा पाण्याच्या कडेला पडलेला दिसला. पाणी त्याला थोडं वर ढकलायचं, थोडं मागे ओढायचं, जणू ठरत नव्हतं न्यावं की ठेवावं. सईने विचारलं, "इज इट डेड ऑर स्लीपिंग?" मी म्हटलं, खुबूस खा. खुबूसात, म्हणजे इथल्या रोटीत, बटाट्याची भाजी गुंडाळून आम्ही नेत असू. मुलांच्या अवघड प्रश्नांवर माझ्याकडे तेवढंच उत्तर असायचं.

आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी दोन मराठी कुटुंबं होती. त्यांनाही हा नाद लागला. शुक्रवारी सकाळी फोन यायचा, "अण्णा, आज पाणी कधी?" अण्णा चहा संपवून, पाऊणकी पुटपुटून वेळ द्यायचे. एकदा पलीकडून कुणी म्हणालं असेल, इन्शाल्ला. अण्णांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "गणितात इन्शाल्ला नसतं." पण खुशीत होते. बायकांमध्ये माझाही भाव वधारला. भरती-ओहोटी माझ्या सासऱ्यांच्या परवानगीने होते अशा थाटात मी वावरत असे.

त्या दिवसांतलं आता एकेक आठवतं. तेव्हा ते काही वाटलं नव्हतं. अण्णा लिफ्टमधून दुसऱ्याच मजल्यावर उतरायचे आणि कुणाच्या तरी दारासमोर चपला काढून उभे राहायचे. आम्ही हसायचो. इथल्या बिल्डिंगा सगळ्या सारख्याच, आम्हीही सुरुवातीला चुकायचो. सईला ते कधीकधी कुसुम म्हणायचे. कुसुम त्यांची धाकटी बहीण, लहानपणीच गेलेली. सई म्हणायची, "आजोबा, आय अॅम सई," आणि अण्णा म्हणायचे, "तेच म्हणतोय मी." चहात एकदा मीठ घातलं आणि तो चहा न बोलता प्यायले. मला वाटलं, सुनेचं मन राखतायत. डबा मीच चुकीचा ठेवला असणार, माझ्या स्वयंपाकघराची ख्याती तेवढी आहे.

आणि माई. माई सकाळी अण्णांना चहा द्यायच्या तेव्हा काहीतरी बोलायच्या. "आज नवमी. गार आहे नाही हवा?" किंवा, "तृतीया आज, दूध लवकर संपलं." मला वाटायचं, जुनी माणसं, तिथीवर जगणारी. आपण वार म्हणतो तसं त्या तिथी म्हणतात. भारतातून येणारं नव्या वर्षाचं कॅलेंडर तेव्हा आमच्याकडे आलेलं नव्हतं. ते कुणीतरी सुट्टीवरून येताना आणायचं असतं, आणि तो कुणीतरी अजून आला नव्हता. भिंतीवर जुना डिसेंबर लटकत होता. त्यामुळे घरात तिथी कळायची ती माईंच्या तोंडून आणि त्यांच्या उपासांवरून.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी माईंचा गुडघा सुजला होता. रात्रभर झोप नव्हती, पहाटे गोळी घेऊन त्यांचा डोळा लागला. चहा मी केला. अण्णांना दिला, म्हटलं, "अण्णा, आज काय बेत?" अण्णा कपात बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "एकादशी आज. अकरा पाऊणे सव्वाआठ. इथला एक तास धरून सव्वानऊ. म्हणजे सुकती, पूर्ण ओहोटी, सव्वातीनला. निवांत साडेचारला परत फिरू."

कसं घडाघडा म्हणाले ते. माई उठल्या तेव्हा आम्ही निघायच्या गडबडीत होतो. मी त्यांना पलंगावरच पोहे नेऊन दिले. त्यांनी खाल्ले, लिंबू मागितलं. "जा तुम्ही. मी पडते," म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरत होतं. भाकरीवर चालत गेलो, मधल्या चरात पाणी जेमतेम पोटरीपर्यंत. त्या दिवशी दुसरं कुणी आलं नव्हतं. आकाश पांढरं, ऊन आहे की नाही कळू नये असं. वारा पडलेला. पाणी आणि आकाश एकाच पांढऱ्या कापडाचं, आणि मध्ये पाणकावळ्यांची काळी शिवण. आम्ही जेवलो. अविनाश तोंडावर टोपी घेऊन झोपला. अण्णा काठी रोवून बसले. मी विणकाम घेऊन गेले होते. माझं विणकाम म्हणजे एकाच स्वेटरचं, दर हिवाळ्यात उसवून पुन्हा सुरू केलेलं.

सईने पाण्याच्या कडेला शिंपल्यांचं घर बांधलं होतं. मध्येच ती आली आणि म्हणाली, "आजोबा, द वॉटर इज कमिंग."

"जातंय ग. लाट आली म्हणजे भरती नव्हे."

"नो, इट टुक माय हाउस."

"वारा असेल," अण्णा म्हणाले. वारा नव्हता. मी मान वर करून बघितलं. अण्णांची काठी रोवली तेव्हा कोरड्यात होती, आता तिच्या पायाशी पाणी चकाकत होतं. मला ते दिसलं. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं खाडी वाचली त्याला मी काय सांगणार? मी टाके मोजायला लागले. पुन्हा बघितलं तर काठी अर्धी होती. अण्णा तिच्याकडेच बघत होते. घड्याळ बघायचे, काठी बघायचे, ओठ हलायचे. पाऊणकी म्हणत होते. पुन्हा पुन्हा, एखादं पोर परीक्षेत अडकलेल्या ओळीवर परत परत येतं तसे.

इथलं पाणी गाजावाजा करत येत नाही. लाटा नाहीत, फेस नाही. ते मागून येतं. आपण समोर समुद्राकडे बघत असतो आणि ते बारीक-बारीक ओहळांतून बेटाच्या पाठीला वळसा घालून, चोरपावलांनी, तिवरांच्या मुळांतून वर येतं. बुडबुडे फुटल्यासारखा एक आवाज मात्र होता. चिखलातली भोकं भरत होती. लांबवर रोहित पक्षी उभे होते ते एकाएकी उडाले, आणि मी वळून पाहिलं तेव्हा आम्ही आलो ती वाट नव्हती.

"अवी, ऊठ," मी म्हटलं.

अविनाश उठला, बघितलं, आणि एकच म्हणाला, "खलास." मग सईला खांद्यावर घेतलं. "चला. सामान राहू दे. अण्णा, पुढे मी, मग तुम्ही, मग ही. माझ्या मागोमाग यायचं."

मला पोहता येत नाही. लग्नाआधी विचारलं होतं सासरच्यांनी. खाडीकाठचं घर त्यांचं. तेव्हा मी गाता येतं असं सांगून वेळ मारून नेली होती. चरात उतरलो तेव्हा पाणी कमरेला लागलं, मग छातीला. गार होतं, आणि तळाशी कुणीतरी पाय धरून कडेला सरकवतंय असं वाटत होतं. सई वरून म्हणत होती, "बाबा, डोन्ट ड्रॉप मी, बाबा, डोन्ट ड्रॉप मी." अविनाश म्हणत होता, "नाही ग राणी." बाकी कसलाही आवाज नव्हता. आणि तिथे, छातीभर पाण्यात, मला कुठून कोण जाणे माईंचे पोहे आठवले. माई एकादशी कधी मोडत नाहीत. आजारी असल्या तरी साबुदाणा. आज एकादशी असती तर त्यांनी सकाळी पोहे कसे खाल्ले असते?

मी समोर बघितलं. अण्णा थांबले होते. अविनाश पुढे गेला होता, त्याची पाठ आमच्याकडे. अण्णांनी शांतपणे उजवीकडे तोंड वळवलं, खुल्या समुद्राकडे, आणि चालायला लागले. घाबरून नाही. वाडीत निघाल्यासारखे. पाणी त्यांच्या खांद्याला आलं तरी पाऊल अडखळलं नाही. मी कशी पुढे गेले मला माहीत नाही. त्यांच्या सदऱ्याची बाही हाताला लागली ती धरली. "अण्णा, इकडे. किनारा इकडे आहे."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. फार सभ्यपणे. लग्नाच्या मांडवात अनोळखी बाईशी बोलावं तसे म्हणाले, "आपण कुठल्या?"

मी म्हटलं, "तुमच्याकडचीच. चला."

"हो का? चला मग," ते म्हणाले, आणि आले. हात सोडला नाही मी. किनाऱ्याला लागलो तेव्हा अविनाश सईला पुसत होता, त्याने आमच्याकडे बघून म्हटलं, "अण्णा, इथला समुद्र तुमच्या पाऊणकीत बसत नाही बरं का," आणि हसला. सुटकेचं हसू होतं ते. अण्णाही हसले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "भांगाचं पाणी होतं, म्हणून निभावलं. उधाण असतं तर काही खरं नव्हतं." अविनाशने मान हलवली. मी मागच्या सीटवर सईला कवटाळून बसले होते. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराचं दुबळं पाणी, एवढं मलाही आता कळत होतं. आज अष्टमी होती, आणि ते अण्णांना आता आठवलं होतं. ते बाहेर बघत बसले होते.

दार माईंनी उघडलं. आमचे कपडे बघितले, सईचे निळे ओठ बघितले. कुणाला काय झालं ते नाही विचारलं. बाकीचे आत गेल्यावर मला म्हणाल्या, "आज कोणती तिथी सांगितली यांनी?"

"एकादशी."

माई तिथेच चपलांच्या स्टँडवर बसल्या.

नंतर स्वयंपाकघरात, सईसाठी आलं किसत, त्यांनी सांगितलं. तीन वर्षं झाली होती. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग तिथी. "बाकी सगळं येतं हो त्यांना. गुणाकार अजून चुकत नाही. फक्त कशाला गुणायचं तेवढं सांगावं लागतं. ते मी सांगते. चहाबरोबर." मग किसणी खाली ठेवून म्हणाल्या, "अवीला बोलू नकोस. त्याला कळलं तर तो आम्हाला परत जाऊ द्यायचा नाही. नाहीतर मुंबईत कुठल्यातरी ब्लॉकमध्ये नेऊन ठेवेल. हे तिथे चार महिने जगायचे नाहीत."

"आणि होडी?" मी विचारलं. "पलीकडे एकटे जातात ना रोज?"

"सकाळी तिथी सांगून पाठवते. परत येईपर्यंत पायरीवर बसते."

त्यानंतरचे दिवस मी घरात चोरासारखी वावरले. अविनाशला सांगावं तर माई म्हणतात ते खरं होईल. न सांगावं तर एके सकाळी माईंचा डोळा लागलेला असेल, आणि दाभोळची खाडी काही उम्म अल क्वैनसारखी छातीभर नाही. रात्री अविनाश घोरायला लागला की मी त्याला हाक मारायची आणि तो जागा झाला की म्हणायचं, काही नाही, झोप. चार-पाचदा असं झाल्यावर तो म्हणाला, "तुला माहेरी जायचंय का?" नवऱ्यांची कल्पनाशक्ती तिथपर्यंतच जाते.

अण्णांनी मात्र बेटांचं नाव काढलं नाही. बिल्डिंगमधून फोन आला, आज पाणी कधी, तर म्हणाले, "आज नका जाऊ." कारण दिलं नाही. त्यांची निघायची तारीख जवळ आली होती. एका दुपारी मी बाल्कनीत कपडे काढत होते, ते खुर्ची घेऊन आले.

"सूनबाई, गावी फोन लागतो ना? वामनला एक निरोप दे." वामन म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. "म्हणावं, होडी वर ओढून ठेव. गिऱ्हाईक आलं तर देऊन टाक. आणि पलीकडची वाडी कुणाला तरी करायला दे."

मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले.

"त्या दिवशी पाण्यात मी तुला ओळखलं नाही. हो ना?"

मी म्हटलं, पाणी गार होतं अण्णा, कुणाचंही भान जातं.

"मास्तरला कॉपी पुरवू नये," ते म्हणाले. "अवीला मी सांगतो. विमानतळावर सांगेन. तिथे वाद घालायला वेळ नसतो." मग आत बघितलं. माई सईच्या वेण्या घालत होत्या. आवाज खाली आणून म्हणाले, "हिला मात्र बोलू नकोस. ती मला सकाळी तिथी सांगते ते मला कळत नाही असं तिला वाटतं. वाटू दे. होडी गुडघ्यांसाठी विकली म्हणावं. माझ्या."

विमानतळावर त्यांनी अविनाशला बाजूला घेतलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. फार वेळ लागला नाही. अविनाशने वाकून नमस्कार केला तो जरा जास्त वेळ वाकलेलाच राहिला. परतताना शेख झायेद रोडवर त्याने गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला. "जाऊ दिलं मी," म्हणाला. "बरोबर केलं ना?" मी हो म्हटलं. ते खरं होतं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. अण्णा त्यानंतर तीन वर्षं जगले, आपल्या घरात, आपल्या माडांखाली, आणि शेवटी शेवटी ते घरही त्यांना दुसऱ्याचं वाटायचं. मध्येच उठून म्हणायचे, उशीर झाला, आता निघतो.

ते परत गेले त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. खाडीकाठी घरामागे दगडी पायऱ्या आहेत, शेवटच्या दोन कायम ओल्या. संध्याकाळी अण्णा तिथे बसायचे. होडी नव्हती. खुंट तेवढा होता, त्याला दोर बांधलेला, दुसरं टोक पाण्यात सुटलेलं. एके दिवशी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. पलीकडची वाडी अंधारत चालली होती. तिथे कुणीतरी पाचोळा पेटवला होता, धूर वर न जाता पाण्यावर पसरत होता. अण्णांचे पाय पाण्यात, घोट्यापर्यंत.

त्यांनी विचारलं, "हे येतंय का जातंय?"

मी बघितलं. पाणी काचेसारखं होतं. येतही नव्हतं, जातही नव्हतं. शेवटच्या पायरीवर ओल्याची एक रेघ होती, पण ती आताची की सकाळची कळेना. मी म्हटलं, "थांबलंय वाटतं."

"थांबत नाही ते," अण्णा म्हणाले. हे अगदी मास्तरांच्या आवाजात.

पायरीवर उंडीचं वाळलेलं पान पडलं होतं. ते मी पाण्यात टाकलं. ते तरंगत राहिलं, जिथे टाकलं तिथेच. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. घरातून माईंनी हाक मारली, दिवा लावलाय, या आता. आम्ही उठलो नाही. पान एकदा स्वतःभोवती फिरलं. मग अगदी हळू, कुणी फुंकर घातल्यासारखं, ते आमच्या दिशेने सरकायला लागलं.

अण्णांनी पाय वर घेतले.